आपली किल्ली आपल्याजवळ

मुलांनो, रात्री झोपण्यापूर्वी तुमच्या घरी दाराला कडी लावतात ना? घरातील सर्व मंडळी बाहेर गेली, तर दाराला कुलूपही लावतात. कुलपाची किल्ली कोण जपून ठेवते? आई, बाबा किंवा आजी. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाने ती किल्ली मागितली, तर कुणी देईल का? मुळीच नाही. घरात आपले कपडे असतात, भांडी असतात, आजीचे दागिने असतात, महत्त्वाची कागदपत्रे असतात. ती सुरक्षित राहावीत म्हणून आपण कुलूप लावतो.

आज बहुतेक घरांत आणखी एक लहानसे घर असते. ते खिशात मावते. ओळखा पाहू, ते कोणते? होय, मोबाईल फोन! त्याला दारे-खिडक्या दिसत नाहीत; पण त्याच्या आत केवढे सामान असते! आई-बाबांच्या लग्नाचे फोटो, मामाचा नि काकीचा फोन नंबर, डॉक्टरांनी पाठवलेला तपासणीचा अहवाल, बाबांच्या बँकेचे खाते, तुमच्या शाळेतून आलेली सूचना, हे सारे त्यातच असते. टॅब्लेट आणि संगणक हीसुद्धा अशीच घरे आहेत. या घरांतील सामानाला 'माहिती' म्हणतात.

आपले नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, शाळेचे नाव, फोन नंबर, ओळखपत्राचा क्रमांक, आपला फोटो, बोटांचे ठसे ही आपली वैयक्तिक माहिती होय. ज्या माहितीवरून 'ही व्यक्ती कोण' हे कळते, ती वैयक्तिक माहिती, असे सोपे समजा.

आता एक गंमत पाहा. लिचीच्या दिवसांत तुमच्या अंगणातील झाडावर लालभडक घोस लटकत आहेत. रात्री कुणी येऊन एक घोस तोडून नेला. सकाळी तुम्हाला ते कळेल का? लगेच कळेल. फांदी रिकामी दिसेल. माहितीचे तसे नाही. कुणी तुमच्या फोनमधील फोटोची नक्कल करून नेली, तर तुमचा फोटो जागच्या जागीच राहतो. काहीही कमी झालेले दिसत नाही. म्हणून माहितीची चोरी झाली, तरी ती पुष्कळ दिवस कळतच नाही.

आणखी एक फरक आहे. उसनी दिलेली वही आपण परत मागून घेऊ शकतो. दिलेली माहिती परत घेता येत नाही. ज्याने ती ऐकली किंवा पाहिली, त्याच्याकडे ती राहतेच. तो ती दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. म्हणून माहिती देण्यापूर्वी विचार करावा लागतो. दिल्यानंतर विचार करून फारसा उपयोग होत नाही.

तुम्ही म्हणाल, "माझी माहिती घेऊन कुणाला काय मिळणार? मी तर लहान आहे!" तर मग ही गोष्ट वाचा.

समजा, एका मुलाने चार दिवसांत चार फोटो इंटरनेटवर टाकले. पहिल्या फोटोत तो शाळेच्या गणवेशात उभा आहे. गणवेशावर शाळेचे नाव आहे. दुसऱ्या फोटोत वाढदिवसाचा केक आहे. केकवर 'दहा' असा आकडा आहे. तिसऱ्या फोटोत तो घराच्या फाटकाजवळ नवी सायकल घेऊन उभा आहे. फाटकावर घराचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव आहे. चौथ्या फोटोखाली त्याने लिहिले, "रविवारी आम्ही सर्वजण दिवसभर फ्लिक-आं-फ्लाकच्या समुद्रावर जाणार!"

यातील एकेक फोटो पाहिला, तर त्यात काही वाईट नाही. पण चारही एकत्र ठेवा. मुलाचे वय कळले, शाळा कळली, घर कळले. रविवारी घरात कुणीही नसेल, हेही कळले. कोड्याचे लहान लहान तुकडे जोडले की चित्र पूर्ण होते, तसेच हे आहे. समुद्रावरचा फोटो घरी परत आल्यावर दाखवला असता, तर आनंद तेवढाच झाला असता आणि घरही सुरक्षित राहिले असते.

मोबाईलच्या या घराला कुलूप कसे लावतात? त्यासाठी पिन किंवा पासवर्ड वापरतात. पिन म्हणजे आकड्यांची किल्ली. पासवर्ड म्हणजे अक्षरे, आकडे व चिन्हे यांची किल्ली.

संगणकाचे पासवर्ड काही कालपरवाचे नाहीत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत एक मोठा संगणक होता. त्या काळी संगणक फार महाग असत. एकाच संगणकावर पुष्कळ संशोधक काम करीत. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला होता आणि कामाचा वेळही ठरवून दिला होता. १९६२ साली एका संशोधकाला आपला वेळ अपुरा वाटू लागला. त्याने काय केले? संगणकात सर्वांच्या पासवर्डची यादी ठेवलेली होती, तीच त्याने कागदावर छापून घेतली! मग तो दुसऱ्यांच्या नावाने काम करू लागला. कुलूप होते, पण साऱ्या किल्ल्या एका ठिकाणी उघड्या ठेवलेल्या होत्या. आपणही पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी संगणकाला चिकटवली, तर तसेच होईल.

आता थोडे गणित करू या. एका आकड्याची पिन असेल, तर ० ते ९ अशा १० किल्ल्या होतात. दोन आकड्यांची असेल, तर १० गुणिले १०, म्हणजे १०० किल्ल्या होतात. चार आकड्यांच्या १०,००० आणि सहा आकड्यांच्या १०,००,००० किल्ल्या होतात. पाहा, दोनच आकडे वाढले आणि किल्ल्या शंभरपट झाल्या!

पण कुणी जन्माचा दिवस आणि महिना यांचीच पिन केली तर? वर्षात जास्तीत जास्त ३६६ दिवस असतात. म्हणजे १०,००० ऐवजी फक्त ३६६ किल्ल्या तपासाव्या लागतील. शिवाय आपला वाढदिवस सर्व मित्रांना ठाऊक असतो. त्यामुळे ही किल्ली फारच कच्ची. '१२३४' किंवा '१२३४५६' ही तर त्याहून कच्ची, कारण चोर सर्वांत आधी तीच लावून पाहतो.

अक्षरांचे गणितही असेच आहे. रोमन लिपीत २६ अक्षरे आहेत. चार लहान अक्षरांचे ४,५६,९७६ पासवर्ड होऊ शकतात. तुम्हाला हा आकडा मोठा वाटेल. पण संगणकाला एवढे पासवर्ड तपासायला फार वेळ लागत नाही. आठ अक्षरांचा पासवर्ड घेतला, तर हीच संख्या वीस हजार कोटींच्याही पुढे जाते! म्हणून पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द ओळीने घेतले, तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. जसे, 'कासव', 'छत्री', 'ढोल', 'चंद्र'. छत्री घेतलेले कासव चंद्राखाली ढोल वाजवते आहे, असे चित्र मनात आणले की झाले! मात्र हाच पासवर्ड ठेवू नका हं. तो आता या पुस्तकात छापला गेला आहे आणि तुमच्या वर्गातील सर्वांनी तो वाचला आहे!

घराच्या दाराची, कपाटाची आणि सायकलची किल्ली एकच असती तर? ती हरवली की सगळेच गेले. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा. निदान आई-बाबांच्या बँकेचा आणि ई-मेलचा पासवर्ड तरी दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा. तुमचा पासवर्ड आई-बाबांना ठाऊक असू द्या. मित्राला तो सांगू नका. मैत्रीत खाऊ वाटून घ्यावा, खेळणी वाटून घ्यावीत. पासवर्ड वाटून घेऊ नये.

काही खात्यांना दोन कुलुपे असतात. पासवर्ड बरोबर लिहिला, तरी बँक आपल्या फोनवर आणखी एक आकडा पाठवते. बहुधा तो सहा आकड्यांचा असतो. तो एकदाच चालतो आणि थोड्याच वेळात निकामी होतो. त्याला ओटीपी म्हणतात. एखाद्या चोराला पासवर्ड कळला, तरी त्याच्या हातात आपला फोन नसतो. म्हणून दुसरे कुलूप त्याला उघडता येत नाही.

मग चोर काय करतो? तो कुलूप फोडत बसत नाही. तो गोड बोलून किंवा भीती घालून आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो!

समजा, कास्कावेल गावात निशा नावाची मुलगी राहते. ती पाचवीत शिकते. शाळा सुटल्यावर ती आजीच्या घरी थांबते. आजीचे पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होते. त्यातूनच ती औषधे आणते, विजेचे बिल भरते आणि दिवाळीला नातवंडांना कपडे घेते.

एके दिवशी आजीला फोन आला. पलीकडचा माणूस फ्रेंचमध्ये अगदी नम्रपणे बोलत होता. "बाई, मी बँकेतून बोलतो आहे. तुमचे खाते आज बंद होणार आहे. ते चालू ठेवायचे असेल, तर तुमच्या फोनवर आत्ताच एक नंबर येईल, तो मला सांगा. दहाच मिनिटे उरली आहेत. फोन ठेवू नका आणि कुणाशी बोलत बसू नका."

आजी घाबरली. तिचा हात थरथरू लागला. तेवढ्यात फोनवर संदेश आला. आजीला बारीक अक्षरे दिसेनात. तिने निशाला हाक मारली, "बाळा, इकडे ये. एवढे आकडे वाचून दाखव. लवकर!"

निशाने फोन हातात घेतला. पहिला आकडा तिच्या ओठांवर आलाही होता. पण आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती. तिने ती मनातल्या मनात वाचली, 'हा नंबर कुणालाही सांगू नका.'

"आजी, थांब," निशा हळूच म्हणाली. "इथे लिहिलं आहे की हा नंबर कुणालाही सांगायचा नाही."

"अगं, पण तो माणूस बँकेतलाच आहे ना?"

"बँकेनेच हा नंबर पाठवलाय. मग बँकेतला माणूस तो आपल्याला का विचारेल?"

आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिने फोन बंद केला. निशाने आजीचे बँकेचे कार्ड आणले. कार्डाच्या मागच्या बाजूला बँकेचा नंबर छापलेला होता. आजीने तो फिरवला. बँकेतील बाईंनी सांगितले, "आजी, आम्ही तुम्हाला फोन केलेलाच नाही. तुमचे खाते चालू आहे. तो नंबर सांगितला नाहीत, हे फार चांगले केले."

आजीने निशाला जवळ घेतले. त्या सहा आकड्यांमागे आजीची महिनाभराची औषधे होती.

मुलांनो, फसवणारा माणूस नेहमी बँकेचेच नाव सांगेल असे नाही. कधी तो म्हणेल, "तुम्हाला बक्षीस लागले आहे." कधी म्हणेल, "तुमचे पार्सल अडकले आहे, या ठिकाणी बोट लावा." कधी तो ओळखीच्या माणसाचा फोटो लावून पैसे मागेल. आता तर यंत्राच्या साहाय्याने माणसाच्या आवाजाचीही नक्कल करता येते. म्हणून केवळ आवाज ओळखीचा वाटला, तरी पैशांचे किंवा पासवर्डचे बोलणे निघाले की थांबावे. त्या माणसाचा नंबर आपल्याकडे आधीपासून असतो. त्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारावे.

फसवणुकीच्या तीन खुणा लक्षात ठेवा. पहिली खूण घाई: "आत्ताच करा, वेळ नाही." दुसरी खूण भीती किंवा लोभ: "खाते बंद होईल" किंवा "मोठे बक्षीस मिळेल." तिसरी खूण गुपित: "कुणाला सांगू नका." यांतील एकही खूण दिसली, तर फोन खाली ठेवा आणि घरातील मोठ्या माणसांना सांगा. खरी बँक आपल्याला विचार करायला वेळ देते. खरे बक्षीस पासवर्ड मागत नाही.

कधी कधी खेळातील अ‍ॅपसुद्धा जास्तीची माहिती मागते. समजा, तुम्ही फोनमध्ये बॅटरीसारखा उजेड देणारे एक अ‍ॅप घेतले. ते विचारते, "तुमच्या फोनमधील सर्व नंबर पाहू का? तुम्ही कोठे आहात ते पाहू का?" उजेड पाडण्यासाठी मामाचा नंबर कशाला हवा? अशा वेळी 'नको' यावर बोट लावावे. फोनमध्ये फक्त आपलीच माहिती नसते. मामा, काकी, शेजारी आणि मित्र यांनी विश्वासाने दिलेले नंबरही त्यात असतात. त्यांची माहिती जपणे हेही आपलेच काम आहे. मित्राचा फोटो इंटरनेटवर टाकण्यापूर्वी त्याला विचारावे. तो 'नको' म्हणाला, तर टाकू नये.

आपल्या देशात तुफानाचे दिवस जवळ आले की घरातील मोठी माणसे काय करतात? खिडक्यांच्या कड्या पाहतात, छपराचे सैल पत्रे पक्के करतात. वारा सुटल्यावर छपरावर चढता येत नाही. फोन आणि संगणक यांचेही तसेच आहे. त्यांच्या आतील कार्यप्रणालीत कधी कधी लहानशी फट राहून जाते. ती बुजवण्यासाठी कंपनी दुरुस्ती पाठवते. तिला अपडेट म्हणतात.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने संगणकांतील अशीच एक फट बुजवणारे अपडेट पाठवले होते. पुष्कळ ठिकाणी ते घेण्याचे राहून गेले. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम त्याच फटीतून आत शिरला. तो सुमारे १५० देशांत पसरला आणि दोन लाखांहून अधिक संगणक त्याने अडवून धरले. "पैसे द्या, नाहीतर तुमची माहिती परत मिळणार नाही," असे पडद्यावर दिसू लागले. इंग्लंडमध्ये अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून अपडेटची सूचना आली, तर आई-बाबांना सांगून ते वेळेवर घ्यावे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊनच ते घ्यावे. अनोळखी संदेशातून आलेले घेऊ नये. महत्त्वाच्या फोटोंची आणि कागदांची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. एक हरवली, तर दुसरी कामी येते.

आपली माहिती जपण्यासाठी आपल्या मॉरिशस देशात कायदाही आहे. २०१७ साली आपल्या संसदेने माहिती संरक्षणाचा कायदा केला. जानेवारी २०१८ पासून तो लागू झाला. या कायद्यात मुलांसाठी एक खास नियम आहे. सोळा वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती वापरायची असेल, तर त्याच्या आई-वडिलांची किंवा पालकांची संमती घ्यावी लागते. म्हणून एखादे अ‍ॅप तुमचे नाव, वय आणि फोटो मागू लागले, तर "मी आधी आईला विचारतो" असे म्हणायला मुळीच लाजू नका. कायदाही तेच सांगतो.

मोठी माणसेही या गोष्टीचा किती विचार करतात, ते पाहा. २०१३ साली आपल्या देशात नवे ओळखपत्र देण्यास सुरुवात झाली. त्यासाठी नागरिकांच्या बोटांचे ठसे घेतले जात. हे ठसे एका मोठ्या साठ्यात ठेवून द्यावेत का, हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ओळखपत्रासाठी ठसे घेणे मान्य आहे. पण ते साठवून ठेवणे योग्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विचार करा, पासवर्ड चोरीला गेला तर आपण नवा करू शकतो. बोटांचे ठसे कसे बदलणार? जी माहिती बदलता येत नाही, ती अधिकच जपावी लागते.

आता एक सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. इतके जपूनही कधी कधी चूक होते. चुकीच्या ठिकाणी बोट लागते. कुणीतरी फसवून पासवर्ड काढून घेतो. अशा वेळी मुलांना वाटते, "आता आई रागावेल. बाबा फोन काढून घेतील. त्यापेक्षा गप्प बसावे." पण गप्प बसलात, तर चोराला वेळ मिळतो. पायाला काटा रुतला आणि तो लपवून ठेवला, तर पाय सुजतो. लगेच सांगितला, तर आई तो सुईने चटकन काढते. म्हणून चूक झाली की लगेच सांगा.

मग मोठी माणसे तीन गोष्टी करतील. बँकेला फोन करून खाते व कार्ड थांबवायला सांगतील. दुसऱ्या चांगल्या फोनवरून किंवा संगणकावरून पासवर्ड बदलतील. पोलिसांना कळवतील. इंटरनेटवरील फसवणुकीची तक्रार करण्यासाठी आपल्या सरकारची 'मॉकॉर्स' नावाची सोयही आहे. तेथे इंटरनेटवरूनच तक्रार करता येते. कुणी तुम्हाला इंटरनेटवर चिडवत असेल, धमकी देत असेल किंवा नको ते फोटो मागत असेल, तर तेही घरी किंवा शाळेत गुरुजींना, बाईंना सांगा. त्यात तुमचा दोष नसतो. दोष फसवणाऱ्याचा असतो.

मुलांनो, तुमच्या घरात फोनवरील बारीक अक्षरे वाचून दाखवण्यासाठी तुम्हालाच हाक मारतात, होय ना? आजी-आजोबांचा तुमच्यावर विश्वास असतो. म्हणून तुम्ही नुसते वाचू नका. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, थांबा आणि विचारा. आज संध्याकाळी हा धडा त्यांनाही वाचून दाखवा.

शब्दार्थ

वैयक्तिक : एका व्यक्तीची, स्वतःची
अहवाल : तपासून लिहिलेली माहिती
नक्कल : हुबेहूब दुसरी प्रत
निकामी : उपयोगी नसलेला
कार्यप्रणाली : यंत्राचे काम चालवणारी व्यवस्था
विस्कळीत होणे : घडी बिघडणे
संमती : होकार, परवानगी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वैयक्तिक माहिती म्हणजे काय?
(आ) चार आकड्यांच्या पिनच्या किती किल्ल्या होतात?
(इ) निशाने संदेशातील कोणती ओळ वाचली?
(ई) फसवणुकीच्या तीन खुणा कोणत्या?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिचीची चोरी आणि माहितीची चोरी यांत काय फरक आहे?
(आ) वाढदिवसाच्या तारखेची पिन का ठेवू नये?
(इ) चूक झाल्यावर गप्प का बसू नये?

३. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) जवळच्या मित्राला पासवर्ड सांगावा.
(आ) ओटीपी बँकेच्या माणसालाही सांगू नये.
(इ) बोटांचे ठसे बदलता येतात.

४. गणित करा.
पाच आकड्यांच्या पिनच्या किती किल्ल्या होतील?

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ओळखीचा, सुरक्षित, कच्ची, नम्र

६. वाक्यांत उपयोग करा.
जपून ठेवणे, भीती घालणे, कामी येणे

७. संवाद लिहून वर्गात सादर करा.
"तुम्हाला बक्षीस लागले आहे," असा फोन आजोबांना आला आहे. आजोबा आणि नातू यांच्यातील संवाद लिहा.

८. घरी करा.
आई-बाबांच्या मदतीने बँकेच्या कार्डामागील फोन नंबर एका वहीत लिहून ठेवा. कार्डाचा नंबर व पिन मात्र लिहू नका.